पलंग निघाला

आमच्या पंढरपुरात आषाढीच्या आधी काही दिवस, चांगला मुहूर्त बघून, देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग बाहेर येतो, विठोबाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड लावतात आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. त्या दिवसापासून शेजारती बंद. काकडाही बंद, कारण जो झोपलाच नाही त्याला उठवणार कसं? दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. गावात ही बातमी दोन शब्दांत फिरते, "पलंग निघाला."

लहानपणी मला यातलं एक कोडं सुटायचं नाही. आषाढी म्हणजे देवशयनी. विष्णू त्या दिवशी शेषावर निजतो तो थेट कार्तिकीला उठतो, असं शाळेतही सांगायचे. आणि इथे, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, नेमक्या त्याच दिवसांत देवाचा पलंगच काढून ठेवलेला. मी आजीला विचारलं, "मग देव झोपणार कुठं?" ती वारकऱ्यांच्या पिठल्यासाठी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी पावणं आल्यावर घरधनी झोपतो होय? आन् लोड दिलाय की पाठीला."

पाहुणे आमच्याही घरी असत. सोप्यात, माजघरात, जिन्याखाली, जिथे पाठ टेकेल तिथे वारकरी. आम्हा पोरांची रवानगी माळवदावर. खाली रात्रभर टाळ-मृदंग चालायचा आणि वर आम्ही मेल्यासारखे झोपायचो. एकदा मध्यरात्री पाऊस आला आणि मला उचलून खाली आणलं, तरी मला जाग आली नाही. सकाळी लोकांनी सांगितलं तेव्हा मी ते मानायलाच तयार नव्हतो.

तोच मी गेली नऊ वर्षं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नसलेल्या खोलीत, रात्रीचे दोन, तीन, साडेतीन मोजत आलो.

सुरुवात कशी झाली ते मला नेमकं सांगता येतं. आईला हृदयविकाराचा झटका आला आणि ती तीन आठवडे अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही पाळीपाळीने बसायचो, रात्रपाळी बहुतेक माझी. तिथे भिंतीवर एक स्पीकर होता. रात्री केव्हाही तो खरखरायचा आणि एक बाई झोपाळू आवाजात म्हणायची, "बारा नंबर बेडचे नातेवाईक." बारा नंबर म्हणजे आम्ही. कधी औषध आणायला बोलवायचे, कधी सही करायला, कधी नुसतं डिपॉझिट भरायला. पण खरखर सुरू झाल्यापासून आकडा उच्चारला जाईपर्यंत जो दीड सेकंद जायचा, त्यात काळजाचं पाणी व्हायचं.

आई बरी झाली. आज ती 84 वर्षांची आहे, तिची झोप उत्तम आहे, घोरते. मी मात्र त्या बाकड्यावरून उठलोच नाही म्हणा ना.

पहिले काही महिने मी हे कौतुकानेच सांगत असे. झोप कमी झाली हे आपल्याकडे थोडं मिरवण्यासारखंच असतं. अमका नेता चार तास झोपतो, तमका उद्योगपती पहाटे साडेतीनला उठतो, हे आपण भक्तिभावाने ऐकतो. जागर, जागरण, गोंधळ, कोजागिरी. आपले सोहळे सगळे जागण्याचे. कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते ते कोण जागं आहे एवढंच. कोण शांत झोपलंय हे विचारणारी देवता माझ्या तरी ऐकिवात नाही. झोपेच्या वाट्याला आला कुंभकर्ण. कॅलिफोर्नियातल्या रँडी गार्डनर नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने 1963 संपून 1964 लागताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 264 तास, म्हणजे अकरा दिवस, न झोपता काढले, त्याचं जगभर कौतुक झालं. पुढे गिनेसवाल्यांनी या विक्रमाची नोंद घेणंच धोक्याचं म्हणून थांबवलं. आणि हाच गार्डनर उतारवयात निद्रानाशाने हैराण झाला, हे फार जणांना ठाऊक नसतं. मला ते एका रात्री तीन वाजता मोबाइलवर कळलं. अशा बातम्या वाचायची ती वेळ नव्हे.

निद्रानाश हा शब्दही बघा, सर्वनाशाचा सख्खा भाऊ. झोपेसाठी आपल्याकडे काय एकेक शब्द आहेत! डुलकी, पेंग, गुंगी, वामकुक्षी, आणि पहाटेची ती साखरझोप. साखरझोप हा शब्द ज्याने केला त्याला खरंच छान झोप लागत असणार. जागणाऱ्याच्या पदरात मात्र तळमळ, कूस बदलणं आणि डोळ्याला डोळा न लागणं. मी त्यात एक भर घातली होती, हिशेब. आता दोन वाजलेत, आत्ता लागली तर साडेतीन तास मिळतील. आता अडीच, म्हणजे तीन. मी बँकेतला माणूस. हिशेब कधी चुकला नाही, फक्त शिल्लक रोज कमी.

दिवसाचं काय सांगू? अकरा वर्षं वापरात असलेला एटीएमचा आकडा एका दुपारी डोक्यातून पुसला गेला. मशीनसमोर उभा राहिलो आणि मागच्या रांगेने घसे खाकरले. एकदा 45,000 ची नोंद 4,50,000 अशी केली. शेजारच्या सहकाऱ्याने पाहिली म्हणून वाचलो. नेलकटर जागेवर नाही म्हणून मुलीवर इतका ओरडलो की ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं जास्त लागलं.

आणि गंमत अशी, की हा माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपायचा. डोंबिवलीला मागच्यांनी आत ढकललं, वरची कडी हाती लागली, दोन्हीकडून माणसांचे लोड-तक्के बसले, की ठाणं यायच्या आत डोळा लागलेला. घामाचा वास, कोणाच्या तरी बॅगेचा कोपरा बरगडीत, भजनी मंडळाचे टाळ कानाशी. तरीही झोप, गाढ झोप. दोनदा दादर चुकलं आणि शेवटच्या स्टेशनात सफाईवाल्याने उठवलं. घरी आठ हजारांची गादी घेतली होती, मानेसाठी वेगळी उशी. तिथे टक्क जागा.

दोष झोप येण्यात नव्हता, हे मला त्या कडीला लटकलेला असतानाच कळायला हवं होतं. पण झोप न मिळालेल्या माणसाला असल्या साध्या गोष्टी कळत नाहीत.

उपाय सांगणाऱ्यांची वाण नव्हती. जायफळ उगाळून दुधात घे. खसखशीची खीर. डोक्याला ब्राह्मी तेल. उत्तरेला डोकं करू नको. रामरक्षा म्हण. "टेन्शन घेऊ नका हो," हे तर जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर. त्यातले सर्वांत असह्य लोक म्हणजे "मला तर उशीला डोकं टेकलं की खलास" असं म्हणणारे. यांना आपण काय बोलतो याची कल्पना नसते. उपाशी माणसासमोर ढेकर देऊ नये इतपत सभ्यता त्यांनी पाळावी.

आईचा भरवसा काशाच्या वाटीवर. आमच्या माजघरात एक जुनी वाटी होती, ती पंढरपूरचं घर आवरताना तिने पदराआड आणलेली. त्या वेळी ती ऐंशीची असेल. एका रात्री साडेदहाला ती माझ्या खोलीत आली आणि पायाशी बसली. तळव्याला साजूक तूप लावलं आणि वाटीच्या बुडाने घासायला लागली. टाचेपासून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे. काशाचा तो गार, जड स्पर्श हळूहळू कोमट होत जातो. थोड्या वेळाने तळवे काळे झाले. "बघ किती उष्णता निघाली," ती म्हणाली. ती उष्णता नसते, तुपाबरोबर काशाचीच झीज उतरते, हे मला माहीत होतं. पण तळवे पुसताना आईशी वाद घालायचा नसतो.

दुसरा पाय अर्धा झाला आणि वाटी मंदावली. मग थांबली. मी मान उचलून पाहिलं तर आई भिंतीला टेकून झोपली होती, वाटी हातात तशीच. तोंड जरासं उघडं. मी पाय हलवला नाही. तिची छाती वरखाली होते आहे ना, ते पाहत राहिलो. एक श्वास, मग पुढचा, मग पुढचा. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मधेच लक्षात आलं, की मी काही ऐकायची वाट बघतोय. स्पीकरची खरखर. पाच वर्षं झाली होती त्याला. आई घरी आली होती, माझ्या पायाशी झोपली होती, आणि बारा नंबर बेडचे नातेवाईक अजून पहाऱ्यावरच होते.

त्यानंतर गोळ्यांचं एक वर्ष गेलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. गोळीने झोप येते, पण ती कोणी वरून गोणपाट टाकावं तशी. पुढे अर्धीची एक झाली, एकाची दीड झाली, आणि प्रवासाला निघताना पाकिटाआधी स्ट्रिप चाचपू लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे काही खरं नाही." तिनेच ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाईंनी आधी गोळी नाकारली नाही, की लगेच बंदही केली नाही. ती पुढे तीन महिन्यांत पायरी पायरीने उतरवली. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने झोपेचा बोजवारा असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, असं त्या म्हणाल्या. मी नऊ वर्षं म्हटल्यावर त्यांच्या भुवया हललेल्या दिसल्या नाहीत. त्यांनी एक वही दिली. रात्री अंथरुणात किती वाजता, झोप अंदाजे केव्हा, जाग किती वेळा, उठलो केव्हा. दोन आठवडे लिहा म्हणाल्या. नोंदवही म्हटल्यावर मला हुरूपच आला.

दोन आठवड्यांनी त्यांनी बेरीज केली. रोज साडेनऊला अंथरुणात, सहाला बाहेर, म्हणजे साडेआठ तास. त्यात प्रत्यक्ष झोप सरासरी पाच तास. "एकोणसाठ टक्के," त्या म्हणाल्या. फर्स्ट क्लास एका टक्क्याने हुकला. बरी झोप असणाऱ्याचे पंच्याऐंशीच्या वर जातात म्हणे.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. "तुम्हाला पाच तास झोप लागते ना? मग तुम्हाला पलंग पाच तासच मिळणार. साडेबारा ते साडेपाच. त्याआधी त्यावर बसायचंसुद्धा नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेर. सुट्टीच्या दिवशीही साडेपाच म्हणजे साडेपाच. दुपारची डुलकी बंद."

मी नऊ वर्षं ज्याच्यासाठी तडफडतोय तेच ही बाई काढून घेते आहे! पलंग निघाला, मी मनात म्हटलं. आणि मला लोडसुद्धा नाही.

यामागचं शास्त्र त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि मी ते बँकेच्या भाषेत लिहून घेतलं. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ती झोपेची ठेव. ती पुरेशी झाली की झोप लागते. दुपारची डुलकी म्हणजे मुदतीआधी मोडलेली ठेव. चहा-कॉफीतलं कॅफीन झोप घालवत नाही. ते लोकलच्या खिडकीत रुमाल टाकणाऱ्यासारखं ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं. शिवाय सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन बहुतेकांच्या अंगात अकरालाही शिल्लक असतं. दुसरं म्हणजे सवयीचा भाग. पलंगावर मी नऊ वर्षं जागलो होतो, त्यामुळे पलंग दिसला की अंग जागं व्हायला शिकलं होतं. लोकलच्या कडीने मला तसलं काही शिकवलं नव्हतं. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये हाच धागा पकडून, झोप नसेल तर पलंग सोडा, असा उपाय मांडला. पलंगावरचा वेळच कापण्याची युक्ती आर्थर स्पीलमन यांची, ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं, की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला इलाज म्हणून गोळी नव्हे, ही पद्धत वापरा. हे माझ्या नऊ वर्षांत मला कोणी कसं सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे. जायफळ मात्र सगळ्यांनी सांगितलं.

"अंथरुणावर तुम्ही झोपत नाही," बाई म्हणाल्या, "तिथे तुम्ही वाट बघता."

परतीच्या गाडीत मी त्या वाक्याशी खेळत बसलो. मराठीत झोपणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. "मी दहाला झोपलो, पण झोप लागली दोनला," असं आपण बिनदिक्कत म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. झोपणं हे आपण करतो. झोप लागते, जशी भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते. कोणी ठरवून उचकी लावून घेऊ शकत नाही. आजीला, आईला, गल्लीतल्या कोणालाही ठाऊक असलेला हा फरक मी नऊ वर्षं विसरून बसलो होतो. लागणारी गोष्ट मी करायला बघत होतो.

साडेबारापर्यंत जागायचं, हा नवाच छळ होता. जो माणूस अडीचला टक्क जागा असतो, त्याला अकरा वाजता बसल्या जागी पेंग येते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मोबाइल नको, टीव्ही नको, मोठा दिवा नको. वाचायला बसलो की डोळे मिटायचे. शेवटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी लसूण सोलायला लागलो. हे काम असं आहे की त्यात झोपता येत नाही आणि विचारही फार करता येत नाही. पाकळीचं बूड नखाने उचलायचं, साल मागे ओढायची. काही साली एका झटक्यात सुटतात, काही बोटाला चिकटून बसतात. ओट्यावर सालींचा पांढरा ढीग, फुंकर मारली की उडणारा. पहिल्या आठवड्यात सव्वा किलो लसूण झाला. बायको म्हणाली, "आता पुरे, शेजाऱ्यांनाही वाटून झाला. पावटे आणते, ते सोला."

पहिले दहा दिवस भयंकर गेले. स्कूटर बाईंनी बंदच करायला लावली होती. ज्यांना फिट येतात, ज्यांचं काम गाडी चालवण्याचं आहे, त्यांनी हे परस्पर करू नये, हेही त्यांनी बजावलं होतं, ते इथे सांगून ठेवतो. बँकेत मी प्रत्येक आकडा तीनदा वाचत होतो. अकराव्या रात्री साडेबाराला पलंगावर पडलो आणि एकदम गजर झाला. मला वाटलं, बिघडलाय. पाहिलं तर साडेपाच. मधलं काहीच आठवेना. बायकोला उठवून विचारलं, मी उठलो होतो का रात्री? ती म्हणाली, "घोरत होतात. तुमच्या आईसारखे."

असं रोज झालं नाही. मधे वाईट रात्री आल्या, अजून येतात. पण वहीतली टक्केवारी पंच्याऐंशीवर टिकली की बाई पंधरा मिनिटं बक्षीस द्यायच्या. साडेबाराचे सव्वाबारा, मग बारा. पगारवाढीची थकबाकी मिळाली तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता.

आषाढीनंतर पंढरपुरात प्रक्षाळपूजा होते. यात्रेभर उभ्या राहिलेल्या देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य असतो. मग पलंग पुन्हा शेजघरात जातो आणि शेजारती सुरू होते. जागरणाचा एवढा सोहळा करणाऱ्या आमच्या गावाने देवाच्या झोपेचीही एवढी निगुतीने सोय केली आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर दिसलं. वारीचे फोटो सगळे काढतात, पलंग आत जाताना बघायला गाव सोडून फारसं कोणी थांबत नाही.

यंदा त्या दिवशी पंढरपूरहून बहिणीचा फोन आला. "दादा, पलंग गेला बरं का आत." मी म्हटलं, "माझाही निम्माशिम्मा गेलाय." तिला काही कळलं नाही, म्हणून मग तिला वहीतली वेळ सांगितली. सध्या सव्वाअकरा ते साडेपाच आहे. लसूण लागला तर कळव, हेही सांगितलं.